लेकाच्या नावावर माझा श्वास

आमच्या घरात घोरण्याला कुणी कधी आजार म्हटलं नाही. घोरणारा माणूस दमलेला, आणि दमलेला माणूस कष्टाळू, अशी आमची समजूत. आमचे हे घोरायचे तेव्हा कपाटातल्या बशा वाजायच्या. मग एके दिवशी पहाटे बशा वाजायच्या थांबल्या. झोपेत गेले, सुखाने गेले, असं चारचौघं म्हणाले. शेजारी मी झोपले होते. सुख झालं का, हे मला कुणी विचारलं नाही.

बापाची शेती-वाडी पोराला मिळते, माझ्या पोराला बापाचं नाक मिळालं.

लेक बस चालवतो. गेल्या वर्षी भर दुपारी, चौकात, दिवा हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि बस जागची हलेना. लोकांना वाटलं इंजिन बंद पडलं. कंडक्टर पुढे जाऊन बघतो तर इंजिन चालू, ड्रायव्हर बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, मान छातीवर. पाय ब्रेकवर होता म्हणून मी आज हे लिहायला बसले आहे, नाहीतर दुसरंच काही लिहावं लागलं असतं.

डेपोने त्याची बस काढून घेतली आणि त्याला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. एकशे चौदा छत्र्या, डब्यांची एक रांग, आणि कुणाची तरी कवळी. कवळी बसमध्ये विसरून माणूस घरी गेला आणि जेवला कसा, हा प्रश्न मला अजून पडतो. पण लेकाला त्याचं हसू येत नव्हतं. वीस वर्षं माणसं वाहिलेला गडी, आता छत्र्या राखतो.

डॉक्टरांनी त्याला एक रात्र अंगभर तारा लावून झोपवलं. सकाळी सांगितलं, झोपेत याचा श्वास तासाला बेचाळीस वेळा थांबतो. म्हणजे दर दीड मिनिटाला माझा लेक जायचा आणि परत यायचा, आणि सकाळी उठून म्हणायचा, आई, झोप कशी छान लागली.

मग विम्यातून ते हवेचं यंत्र आलं. डब्याएवढं यंत्र, त्याला लांब नळी, नळीला मास्क. नाकावर बांधायचं आणि झोपायचं, हवा आत ढकलली जाते, श्वास थांबत नाही. पहिल्या रात्री घरात इतकी शांतता झाली की सून दोनदा उठून त्याच्या छातीवर हात ठेवून आली. मी तिसऱ्यांदा जाणार होते, तर ती दारातच भेटली. म्हणाली, "आई, आहेत. मी आत्ताच बघितलं."

डेपोच्या साहेबांची अट साधी होती. यंत्र नीट वापरल्याचा एक महिन्याचा कागद आणा, बस घेऊन जा. तीन महिन्यांत आणला नाही तर छत्र्या कायमच्या.

आता माझा गुन्हा सांगते. लवकर सांगून टाकलेला बरा, कारण घरात मी तो दोन महिने सांगितला नव्हता.

मास्कच्या आत, नाकाभोवती बसणारी मऊ रबरी कड असते. रोज माणसाचा घाम, लाळ, श्वास तिच्यावर. सून ती कोमट पाण्याने विसळायची आणि म्हणायची झालं. मला ते बघवत नव्हतं. दुधाच्या बाटल्यांची बुचं उकळून मी दोन पोरं वाढवलीत, दोघांपैकी एकालाही कधी जुलाब झाले नाहीत. सून कामावर गेल्यावर मी ती कड दुधाच्या पातेल्यात टाकली, गॅस लावला आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. गच्चीवर शेजारीण भेटली. तिच्या जावयाचा विषय निघाला. तो विषय काही लहान नाही.

परत आले तर पातेल्यातलं पाणी संपलं होतं आणि कड बुडाला चिकटली होती. सोडवायला गेले तर नाकाच्या हाडावर बसते त्या जागी बोटभर फाटली. मी ती पुसली, परत मास्कमध्ये बसवली आणि पातेलं घासून लख्ख करून ठेवलं. घासलेल्या पातेल्यासारखा गप्प साक्षीदार नाही.

त्या रात्री लेकाने मास्क लावला तर हवा फुर्रकन डोळ्यांत. सुनेने मास्क हातात घेतला, उलटा केला, बघितला.

"ही कशी फाटली?"

"आजकालच्या वस्तूच तकलादू," मी म्हटलं. "शिवाय काहींची नखं पण वाढलेली असतात."

सून शाळेच्या ग्रंथालयात आहे. तिथे नखं वाढवून पानं उलटता येत नाहीत. तिने आपली दहा बोटं एकदा बघितली आणि मास्क परत त्याच्या हातात दिला. तिचं न बोलणं फार लांबवर ऐकू येतं.

पट्टी चिकटवली, कापूस लावला, काही टिकेना. लेक अर्ध्या तासात झोपेतच मास्क ओढून फेकायचा. बशा पुन्हा वाजायला लागल्या.

विम्याच्या फोनवर मी बोलले. घरातले असे फोन मीच करते, कारण बाकीचे दोघं लगेच थँक्यू म्हणतात. पाऊण तास वाजंत्री ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली. आवाज गोड, जसा दुसऱ्याच्या खर्चाने साखर घालणाऱ्याचा असतो.

"आजी, कड बदलून मिळते. फक्त वापराची अट आहे. महिन्यातले एकवीस दिवस, दिवसाला चार तास. तुमच्या यंत्राची नोंद बघते हं. हे बघा, गेले दहा दिवस धरण्यासारखा वापरच नाही."

"कड फाटली म्हणून वापर नाही."

"हो ना. पण वापर नाही म्हणून कड नाही."

"अगं, चप्पल तुटली म्हणून माणूस चालत नाही, आणि तू म्हणतेस आधी चालून दाखवा, मग चप्पल देते."

"बरोबर समजलात, आजी."

"आणि चार तास मोजतं कोण?"

"यंत्र मोजतं. त्याच्यात सिम कार्ड आहे. रोज आम्हाला कळवतं."

म्हणजे आमच्याच उशाशी बसून रोज चहाडी. अशी एक नणंद मला होती, पण तिला निदान चहा तरी लागायचा.

"चार तास रात्रीचेच लागतात का?"

"चोवीस तासांत कधीही चालतात, आजी. कड कशी खराब झाली, ते सांगाल का? माझ्याकडे रकाना आहे."

"आपोआप," मी म्हटलं.

"वापरून झिजली, असं लिहिते."

तिने लिहिलं. मी फोन ठेवला आणि विचार करत बसले. चोवीस तासांत कधीही. नाव लेकाचं पाहिजे, तास पाहिजेत. नाक कुणाचं, ते तिने विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून लेक छत्र्यांकडे आणि सून पुस्तकांकडे गेली की मी मास्क लावायला लागले. झोपलेल्या माणसाला फाटकी कड धरून ठेवता येत नाही, जाग्याला येते. डाव्या हाताने फाटलेली जागा दाबून धरायची, उजव्या हाताने भाजी निवडायची. दहा ते दोन. पहिल्या दिवशी वाटलं, कुणीतरी माझ्या तोंडात सायकलचा पंप लावलाय. तिसऱ्या दिवशी सवय झाली. एकदा शेजारीण साखर मागायला आली, मला बघून दारातूनच परत गेली, आणि तिच्या जावयाच्या जोडीला चौकात दुसरा विषय आला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं नाक महिनाभर दाबलेलं होतं, पण तोंड मी उघडलं नाही.

तीस दिवस झाले. एकही खाडा नाही. अशी नोंद त्या कंपनीने जन्मात बघितली नसेल.

पत्र आलं. लेकाने उभ्यानेच फोडलं. मला छापील अक्षर सावकाश लागतं, म्हणून त्यानेच वाचून दाखवलं. वाचता वाचता त्याचा आवाज बदलला.

"आई, लिहिलंय की श्वास थांबण्याचं प्रमाण तासाला बेचाळीसवरून एकवर आलं आहे. उपचार यशस्वी. यंत्राची गरज उरलेली नाही. पंधरा दिवसांत परत करावं." त्याने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "आई, बरा झालो मी."

कड मागायला गेले, यंत्रच निघालं. पण खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की एक तरी कशाला आला? माझा श्वास एकदाही थांबत नाही. मालिकेतली सून सासूला उलटून बोलली, तेव्हा जरा अडकला असेल तेवढाच.

"मास्क तर मी लावतच नव्हतो नीट," लेक म्हणाला. "अर्ध्या तासाचाच गुण आला म्हणायचा."

"येतो कधी कधी," मी म्हटलं. जीभ झडली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

सून ओट्यापाशी उभी होती. "कागदावर झोपायचं असेल तर झोपा," ती त्याला म्हणाली. "मी मात्र तुमच्या शेजारी झोपते. काल रात्री मी तुम्हाला सहा वेळा हलवलं."

"कंपनीपेक्षा तुला जास्त कळतं?"

"कंपनी माझ्या घरी झोपत नाही."

तो रागावून गेला आणि संध्याकाळी पेढे वाटल्यासारखं तोंड करून आला. डेपोच्या साहेबांना पत्र दाखवलं होतं. साहेब म्हणाले, महिन्याचा कागद मागितला होता, तुम्ही तर आजारच संपल्याचा आणलात. सोमवारपासून जुना मार्ग, सकाळची पहिली फेरी.

त्याने खुंटीवरचा गणवेश काढला आणि स्वतः इस्त्री केली. कॉलर दोनदा केली. मी बघत होते. खोटं बोलायला मला कधी भीती वाटली नाही. घर चालवायचं तर रोज थोडं लागतं, मिठासारखं. पण त्या कॉलरकडे बघताना मला चौकातला तो दिवा दिसला. या वेळी पाय ब्रेकवर असेल कशावरून? मागे चाळीस माणसं बसणार, आणि त्यांच्या भरवशाला माझा श्वास. मी तर बसमध्ये नसणार. मी घरी भाजी निवडत असणार.

शुक्रवारी सकाळी मी दोघांना म्हटलं, "चला. यंत्र परत करायला जाऊ. तिघंही."

"तिघं कशाला? हलकं तर आहे," लेक म्हणाला.

"हलकं नाही ते," मी म्हटलं.

विम्याच्या कचेरीत काचेचं दार, गार हवा, मऊ खुर्च्या आणि भिंतीवर आकड्यांचा दिवा. आमचा आकडा चौऱ्याण्णव, दिव्यावर एकेचाळीस. लेक यंत्राची पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि त्रेचाळीसला त्याची मान पडली. छप्पन्नला घोरणं सुरू झालं. समोरची बाई तिच्या पोराला घेऊन दोन रांगा मागे गेली. सून त्याला हलवायला निघाली, तर मी तिचा हात धरला.

"झोपू दे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे गेले. आकडा माझा नव्हता, पण माझ्या वयाला आकडा लागत नाही.

टेबलामागे दावे बघणारे साहेब होते. गोल चेहरा, कोरा कागद असावा तसा. शेजारच्या टेबलाला कानाला फोन लावून एक मुलगी. तिचा आवाज ऐकला आणि मी ओळखलं, साखरवालीच ती.

मी साहेबांपुढे पत्र ठेवलं. "हे श्वास माझे आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"तीस दिवस, रोज दहा ते दोन. नाव लेकाचं, नाक माझं. कड फाटलेली होती, तास पुरे करायचे होते, म्हणून मी लावला. माझ्या लेकाचा आजार गेलेला नाही. तुमचं पत्र खोटं आहे, आणि ते मी करवून घेतलंय."

सून मागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

साहेबांनी संगणकात बघितलं, मग मला बघितलं. "आजी, हे तुम्ही मला सांगायला नको होतं. कलम बारा. यंत्र दुसऱ्याने वापरलं तर विमा रद्द होतो."

"मग माझा करा. मला कुठला आजार आहे?"

"तुमचा विमा नाहीच आमच्याकडे."

"मग मला धरणार कसं?"

"तुम्हाला नाही. त्यांना."

असं असतं. खाल्लं कुणी आणि मार कुणाला. मी म्हटलं, "त्याला ठाऊकच नाही. तिकडे बघा जरा."

"वैद्यकीय पुराव्याशिवाय..."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघा म्हणते ना."

लेकाचं घोरणं चढत चढत गेलं आणि एकदम तुटलं. ती शांतता ज्याने ऐकली नाही त्याला सांगून कळणार नाही. छाती वर-खाली होते, पण हवा जात नाही, आणि तोंड उघडं. सगळी कचेरी बघायला लागली. साखरवाली मुलगी फोनवर बोलता बोलता थांबली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. दहा सेकंद. वीस. दारावरचा शिपाई स्वतःचाच श्वास धरून उभा होता. तीस.

"उठवा त्यांना," ती मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता गोड नव्हता.

"नको," मी म्हटलं. "चार तास व्हायला हवेत. एकवीस दिवस."

छत्तिसाव्या सेकंदाला तो पाण्यातून वर आल्यासारखा हबकून उठला, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "झोपलो नव्हतो मी."

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "बघितलं मी. पण आजी, ही नोंद आमच्या यंत्रात झालेली नाही."

तेव्हा ती मुलगी खुर्ची सरकवून आमच्या टेबलाशी आली. "साहेब, कड झिजली असं मी लिहिलं होतं, म्हणून वापराची अट लागली. घरात अपघाताने खराब झाली असेल तर अट नाही. हिरवा फॉर्म आहे. दहा-बारा दिवसांत कड मिळते." मग माझ्याकडे वळली. "आजी, मी विचारलं होतं. तुम्ही आपोआप म्हणालात."

दोन महिने. हिरवा फॉर्म दोन महिने त्या कपाटात होता, आणि त्याच्या दारात माझंच नाक आडवं होतं.

"आणि हे तीस दिवस?" साहेब म्हणाले. "याचं काय लिहू? दुसऱ्याने वापरलं लिहिलं की कलम बारा."

"साफसफाईच्या वेळी यंत्र चालू राहिलं, असा रकाना आहे," मुलगी म्हणाली.

"रोज चार तास साफसफाई?"

"आमच्या आईंची साफसफाई तशीच असते," सून म्हणाली. एवढ्या वेळात तिचं हे पहिलं वाक्य. साहेबांनी मान हलवली आणि टाइप केलं. खरं सांगितलं तर कलम होतं, खोट्याला रकाना तयार होता.

लेक पिशवी घेऊन पुढे आला. सगळं त्याला उभ्या उभ्या कळलं. तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, मी उत्तर पण जुळवून ठेवलं होतं.

"आई," तो हळू म्हणाला, "सोमवारी चाळीस माणसं असती माझ्या मागे."

त्याने बाजूला जाऊन डेपोच्या साहेबांना फोन लावला. पाठ आमच्याकडे होती. सोमवारी नको म्हणाला, पत्र चुकीचं आहे म्हणाला, हो साहेब, छत्र्यांची खोली चालेल म्हणाला. आईने केलं, हे म्हणाला नाही. नंतर सांगितलं, खरं बोलला म्हणून साहेबांनी आणखी दोन महिने दिले. पण फोनवर होता तेव्हा ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत उभी होते. खांदे बापाचेच आहेत.

हिरवा फॉर्म माझ्यापुढे आला. वस्तू कशी खराब झाली, कुणाकडून, किती वेळात. खाली खराब करणाऱ्याची सही, आणि घरातल्या एका साक्षीदाराची. साक्षीदार म्हणून लेक चालत नव्हता, विमा त्याच्या नावाचा. राहिली कोण?

सुनेने पेन हातात घेतलं. "सांगा, आई. मी लिहिते."

"लिही. धुताना खराब झाली."

"धुताना कशी?"

सगळी कचेरी आपापलं काम सोडून होती. माझ्या लग्नात एवढी माणसं नव्हती.

"उकळली," मी म्हटलं.

"कशात?"

"दुधाच्या पातेल्यात. ते कुठे विचारलंय त्यांनी?"

"किती वेळ, ते विचारलंय."

"घड्याळ लावून कोण उकळतं? शेजारणीच्या जावयाचं सगळं सांगून होईपर्यंत."

"पाऊण तास," सुनेने लिहिलं. तिने कुठेही नखांचा विषय काढला नाही. साक्षीदाराच्या जागी सही करताना फक्त तिने आपली बोटं एकदा कागदावर पसरली, आणि ती कापलेली, स्वच्छ नखं मी बघितली. मी खाली माझी सही केली. माझी सही लांब आहे, वेळ लागतो. ती थांबली.

अकराव्या दिवशी कड आली. सोबत चित्रांचा कागद होता. पहिल्याच चित्रात पातेलं, त्यातून वाफ, आणि त्यावर लाल फुली. सुनेने तो ओट्याच्या वर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला आहे. मी काढलेला नाही.

कड आता मीच धुते. तसं मी म्हटलं आणि ती हो म्हणाली. कोमट पाणी घेते, आणि ती ग्रंथालयात जाण्याआधी येऊन त्यात बोट बुडवून बघते. आज सकाळी म्हणाली, "जरा गरम आहे." मी गार पाणी घातलं. तिने पुन्हा बोट बुडवलं आणि मान डोलावली.

पुरे चार तासांचे एकोणीस दिवस झालेत, सगळे त्याच्याच नाकाचे. डेपोच्या कागदाला अजून दोन हवेत.